इब्रीचा बाजार आणि जुना वस्तरा

ओमानमधल्या इब्रीत किल्ल्याला लागूनच जुना बाजार भरतो. धातूशी या गावाची ओळख फार जुनी: जवळच्या सलमे इथे १९७९ मध्ये लोहयुगातल्या शेकडो धातूच्या वस्तू सापडल्या. ओमानी खंजिराची कारागिरी २०२२ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहे.

खंजिराचं कौतुक होतं, साध्या वस्तऱ्याकडे मात्र कुणी वळून बघत नाही. इब्रीत असो की मुंबईच्या चोरबाजारात, जुना वस्तरा हाती आला की आधी पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का वाचावा. ‘शेफील्ड’ म्हणजे इंग्लंड, ‘झोलिंगेन’ म्हणजे जर्मनी. मुकुटासोबत ‘व्ही आर’ ही अक्षरं राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळाची खूण.

पात्याला तडा असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली की तिच्यातून निघणारी आम्ल वाफ पोलाद खाते; म्हणून मूठही तपासावी.

वरवरचा गंज तेल आणि बारीक पॉलिश कागदाने हळूहळू निघतो. ग्राइंडर नकोच, कारण उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. धार लावताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत; शेवटी चामड्याचा पट्टा.

आणि एक विनंती: चमक आणायच्या नादात तो शिक्का घासून टाकू नका.