ब्रेकमधली हवा आणि ब्रेकमधले पाणी

बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेल्या, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईहून परळीच्या दिशेने निघालेल्या मोटारीला घाट उतरावा लागतो. पावसाळा संपून ऊसतोडणी सुरू झाली की याच रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून पुन्हा पुन्हा वेग कमी करत चालावे लागते, आणि मार्गशीर्षात योगेश्वरी देवीचे नवरात्र बसते तेव्हा ही देवी ज्यांची कुलदेवता आहे अशा कोकणातील आणि पुण्याकडील कुटुंबांच्या गाड्याही येथे येतात. अशा प्रवासापूर्वी टायरमधली हवा आणि इंजिनाचे ऑइल आवर्जून तपासले जाते; ब्रेक ऑइल मात्र पातळी ठीक दिसली की पुरेसे मानले जाते. वास्तविक त्याचा दोष पातळीत दिसत नाही, कारण ते संपून खराब होत नाही, तर पाणी शोषून खराब होते.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकात पास्कलने मांडलेला नियम मोटारीच्या ब्रेकचा पाया आहे, आणि १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने विक्रीच्या मोटारीत चारही चाकांना द्रवदाबावर चालणारे ब्रेक दिले, तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या नळ्यांतील ब्रेक ऑइलवर दाब देतो. तोच दाब पुढच्या चाकांच्या कॅलिपरमध्ये पॅड डिस्कवर आवळतो आणि मागे ड्रम असल्यास व्हील सिलिंडरमार्फत लायनर ड्रमवर टेकवतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही म्हणूनच हे घडते. वायू सहज दाबला जातो, त्यामुळे नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा आकसण्यातच खर्च होतो आणि पेडल मऊ, स्पंजसारखे लागते.

ब्रेक ऑइल हे नावापुरतेच ऑइल आहे. प्रचलित डॉट ३ आणि डॉट ४ प्रकारचे द्रव ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांपासून बनतात. ही रसायने हवेतील बाष्प ओढून घेतात, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून, इतकेच नव्हे तर रबरी होजच्या भिंतींतूनही, पाणी हळूहळू आत झिरपते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेल्या डॉट मानकानुसार कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पाण्याचे प्रमाण सुमारे ३.७ टक्क्यांवर गेल्यानंतर त्यांच्याकडून अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांचीच अपेक्षा असते. म्हणजे एवढ्याशा पाण्याने ६५ ते ७५ अंशांची सुरक्षितता नाहीशी होते. हे काळाचे काम आहे, किलोमीटरचे नव्हे; त्यामुळे वर्षभर अंगणात उभी राहून केवळ सणासुदीला निघणारी गाडी या बाबतीत रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा सुरक्षित मानता येत नाही, आणि कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीच्या मालकाने तर अधिकच जागरूक असावे.

घाटात या उणिवेची परीक्षा होते. १००० किलो वजनाची मोटार २०० मीटर उंची उतरली तर सुमारे २० लाख जूल ऊर्जा मोकळी होते, आणि तेवढ्या ऊर्जेने सहा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापू शकते. चालक खालचा गिअर वापरत असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन पेलते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला तर बहुतेक उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये साठते, तेथून ती कॅलिपरमधील द्रवात उतरते, पाणी मिसळलेला द्रव उकळतो आणि त्याच्या वाफेचा बुडबुडा हवेसारखाच दाबला जातो. पेडल अचानक तळाला जाते. काही वेळाने द्रव थंड झाला की ब्रेक पुन्हा लागू लागतो, त्यामुळे गॅरेजमध्ये तपासताना दोष सापडत नाही, ही या बिघाडातील सर्वांत घातक गोष्ट आहे.

हवा आणि पाणी या दोन्ही दोषांवर उपाय आहेत: ब्लीडिंग म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा काढणे आणि फ्लशिंग म्हणजे जुना द्रव पूर्ण काढून नवा भरणे. कृती दोन्हींची एकच, फक्त फ्लशिंगमध्ये नवा, स्वच्छ रंगाचा द्रव दिसेपर्यंत ती चालू ठेवावी लागते. अनेक उत्पादक सुमारे दोन वर्षांची मुदत सांगतात. लहान मोटारीला साधारण एक लिटर द्रव लागतो. तो टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचा आणि सीलबंद बाटलीतलाच हवा, कारण अर्धी वापरून महिनोन्महिने फडताळात ठेवलेली बाटली तोवर बाष्प पिऊन बसलेली असते. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल यात चुकूनही मिसळता कामा नये; खनिज तेलाने ब्रेकमधली रबरी सीले फुगतात आणि संपूर्ण यंत्रणा उघडून दुरुस्त करावी लागते.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावी, जॅकने उचललेल्या भागाखाली लोखंडी घोडी ठेवावी आणि इंजिन बंद असावे. टाकीतील काळपट द्रव सिरिंजने काढून नवा भरला की काम दोन माणसांचे होते. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी असलेल्या, हवा आणि द्रव बाहेर सोडण्याच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून, तिचे टोक थोडे नवे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून, रिंग पान्याने निपल किंचित सैल करायचे. द्रव वाहून गेल्यावर निपल आधी आवळायचे आणि मगच पेडल सोडायला सांगायचे. हा क्रम उलटला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकीतील पातळी दर काही दाबांनंतर पाहावी लागते, कारण टाकी रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्येच हवा शिरते आणि सारे श्रम वाया जातात. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये, त्याखाली लाकडी ठोकळा ठेवावा. सिलिंडरच्या ज्या भागात सील एरवी पोहोचत नाही तेथे साचलेला गंज ते सील फाडू शकतो.

चाकांचा क्रम सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरू होतो. परदेशी पुस्तकांत मागचे उजवे चाक प्रथम सांगितलेले आढळते, परंतु ते डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांसाठी आहे. आपल्याकडे ते मागचे डावे ठरते, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांत दोन स्वतंत्र नळीमार्ग तिरके जोडलेले असतात आणि उत्पादक वेगळा क्रम देतो, तेव्हा तोच पाळावा. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावरही चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली आहे. तिच्या झडपांत हवा अडकली तर ती स्कॅनरच्या मदतीने झडपा चालवूनच काढावी लागते, आणि ते काम घरचे नव्हे. निपल गंजून घट्ट बसले असेल तर बळ लावू नये, कारण ते आतच मोडले की कधी कधी अख्खा कॅलिपर बदलावा लागतो.

काम संपल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबावे, ते कडक लागले पाहिजे. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करताच पायाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्युम बूस्टरमुळे ते थोडे खाली जाणे योग्य आहे, पण त्यानंतरही हळूहळू बुडत राहिले तर कोठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून पत्र्यावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. काढलेला द्रव विषारी असतो. विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या बीड जिल्ह्यात तो मातीत किंवा गटारात ओतणे अक्षम्य आहे. तो झाकणाच्या बाटलीत, वर नाव लिहून, इंजिनाच्या जळक्या ऑइलमध्ये न मिसळता, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही असा ठेवावा आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे सोपवावा.