काच पुसायला तीन वर्षं?

तीन खिडक्या उभ्या केलेल्या आहेत. प्रत्येक काच ११४.३ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद. हातात ३० सेंटिमीटरचा वायपर, बादलीत ९ लिटर पाणी. ब्रिटनच्या टेरी बरोज यांनी अशा तीन काचा ९.१४ सेकंदांत धुऊन, निपटून कोरड्या केल्या आणि गिनीज बुकात नाव लावलं. पाण्याची रेघ मागे राहिली तर अर्धा सेकंद दंड, असा त्या विक्रमाचा नियम. वाकबगार हातातला वायपर काचेवरून उचललाच जात नाही. नागमोडी वळणं घेत तो वरून खाली येतो आणि त्याच्यामागे कोरडी काच उघडी पडत जाते.

आता जर्मनीत चला. तिथे हे काम रीतसर शिकायचं तर तीन वर्षं लागतात. तेवढ्या काळात आपल्याकडे पोरगं बी.कॉम. होतं!

जर्मनीत इमारत-सफाई ही सुतारकाम-गवंडीकामाच्या पंगतीतली मान्यताप्राप्त कारागिरी आहे आणि तिला हा मान १९३४ पासून आहे. शाळा संपवलेला मुलगा किंवा मुलगी एखाद्या सफाई कंपनीत उमेदवारीला लागते. विद्यावेतन मिळतं. कामाच्या जोडीनं व्यवसायशाळेत रसायनं, यंत्रं, निरनिराळे पृष्ठभाग, सुरक्षा असं सगळं शिकायचं आणि शेवटी लेखी व हातकामाची परीक्षा द्यायची. त्यापुढे उस्तादाची परीक्षा वेगळीच. काच हा या अभ्यासक्रमाचा एक भाग. फरशा, दगड, इमारतीची बाहेरची बाजू, इस्पितळातलं निर्जंतुकीकरण हेही त्यात येतं. तरीही प्रश्न उरतोच: काच पुसण्यात शिकण्यासारखं असतं तरी काय?

पाण्यापासून सुरुवात करू. घरी आरओ बसवायला आलेला माणूस पेनाएवढा टीडीएस मीटर पेल्यात बुडवून आकडा दाखवतो. समजा तो ३०० आला. म्हणजे लिटरभर पाण्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले. काचेवर राहिलेल्या एका थेंबाच्या वाट्याला त्यातले जेमतेम ०.०१५ मिलिग्रॅम येतात. पाणी उडून जातं, क्षार जागेवर बसतात आणि एवढ्याशा ऐवजाची पांढरी कड तिरप्या उन्हात खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढी चूक नुसत्या डोळ्यांनी पकडता येईल असे धंदे मला तरी फार आठवत नाहीत.

म्हणून पाणी काचेवर वाळू द्यायचंच नाही, ओढून काढायचं. ते ओढणारा वायपर आज जसा दिसतो तसा १९३६ साली अमेरिकेत पेटंट झाला. तो घडवणारे एत्तोरे स्टेकोने इटलीहून गेलेले स्थलांतरित आणि धंद्यानं खिडक्या पुसणारेच. त्याआधीची अवजारं लोखंडी, जड, आणि रबर बदलायचं तर डझनभर स्क्रू काढत बसायचं. स्टेकोने यांनी हलकी पितळी मूठ दिली आणि एकच रबरी पट्टी दिली, पण तिची कड धारदार ठेवली. सगळी करामत त्या कडेत आहे. ती काटकोनात असेल तोवर पाणी पुढे ढकललं जातं. झिजून गोलावली की पट्टी पाण्यावरून घसरते आणि मागे पातळ थर सोडते, मग पट्टी उलटी करायची किंवा बदलायची. पाण्यातला साबण मळ सुटण्यासाठी तर लागतोच, रबर अडखळू नये म्हणूनही लागतो. काचेच्या कडेची बोटभर जागा आधी कोरडी करून घ्यायची, नाहीतर चौकटीशी साचलेलं पाणी पुन्हा आत ओढलं जातं. ऊन काचेवर असताना कामाला हात घालायचा नाही. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात, हाताला उमगायला बराच काळ जातो.

याच्या नेमकी उलटी दुसरी रीत आहे. पाणी काचेवर खुशाल वाळू द्यायचं, पण त्यात विरघळलेलं काही ठेवायचंच नाही! आधी आरओ आणि मग क्षारांचे आयन धरून ठेवणारी राळ, अशा दोन गाळण्यांतून पाणी काढून टीडीएस शून्यावर आणतात. कार्बन फायबरच्या लांबलचक काठीच्या टोकाला ब्रश आणि पाण्याची नळी. माणूस जमिनीवर उभा राहून पाचव्या-सहाव्या मजल्याची काच धुतो, पुसत नाही, तशीच सोडून पुढे जातो. पाणी उडून जातं आणि काचेवर डाग उरत नाही, कारण डाग पडायला त्यात काही नव्हतंच. ब्रिटनमध्ये घरोघरच्या खिडक्यांसाठी ही रीत सर्रास वापरतात. शिडी सुटली, त्यामुळे शिडीवरून पडणंही सुटलं.

इथवरचं सगळं एखादा चुणचुणीत मुलगा कामावर राहून शिकेल. त्याला प्रमाणपत्राच्या कागदाची गरज नाही. पण काचेच्या पोटात आणखी काही गोष्टी दडलेल्या असतात.

टफन्ड काच घ्या. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, भट्टीतल्या रुळांवरून पुढे सरकवतात आणि हवेच्या झोतानं झटकन थंड करतात. त्याआधी कापताना, कडा घासताना उडालेला चुरा नीट धुतला गेला नसेल, तर भट्टीत तो काचेला चिकटून कायमचा बसतो. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. नव्या इमारतीत काचेवरचे रंगाचे आणि सिमेंटचे शिंतोडे काढायला सफाईवाला पातं लावतो, पात्याखाली एक कण सुटतो आणि पात्याबरोबर ओरखडे ओढत जातो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अख्खी काच जाळीदार दिसते. दोष कारखान्यातल्या धुण्याचा, पण नुकसानभरपाई मागितली जाते ती पातं धरणाऱ्याकडे. अमेरिकेतले बरेच व्यावसायिक नव्या बांधकामावर पातं लावण्याआधी मालकाची लेखी संमती घेतात ती याच अनुभवातून.

ओल्या सिमेंटचं पाणी जबरदस्त अल्कधर्मी असतं आणि काचेतल्या सिलिकेटच्या जाळ्यालाच खातं. वेळेत धुतलं नाही तर जो धूसर पट्टा उमटतो तो मळ नसतो, काचच झिजलेली असते, त्यामुळे कितीही घासून जात नाही. क्षारांचे डाग जावेत म्हणून बाथरूमच्या फरशीचं ऍसिड लावलं तर काच सहसा टिकते, पण खाली ओघळलेलं ऍसिड अल्युमिनियमच्या चौकटीचं संरक्षक आवरण आणि संगमरवराची उंबरपट्टी खाऊन टाकतं. आणि २००१ च्या सुमारास बाजारात आलेली, स्वतःच स्वतःला धुणारी काच? तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो, काही नॅनोमीटर जाडीचा. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे तो सेंद्रिय मळाचे तुकडे पाडतो, आणि त्यावर पावसाचं पाणी थेंबाथेंबानं न राहता चादरीसारखं पसरून सगळं धुऊन नेतं. पण तिच्यावर कुणी पातं घासलं किंवा सिलिकॉन लागलं, की हे कसब गेलंच. साध्या काचेशेजारी ती बसवली तर दिसायला दोन्ही सारख्याच. कुठली कुठली हे आधी ओळखता यायला हवं.

प्रमाणपत्राची जागा मला इथे दिसते. चांगलं-वाईट गिऱ्हाइकाला आधी ओळखता येत नसेल तर काय, या प्रश्नावर अर्थशास्त्रात नोबेल दिलेलं आहे, अर्थात खिडक्यांच्या निमित्तानं नव्हे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन दाखवलं की माल चांगला की वाईट हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर बाजारातून चांगला मालच हळूहळू उठतो. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये पुढचा मुद्दा मांडला: अशा बाजारात पदवी ही खूण म्हणून चालते, तिनं कौशल्य वाढो न वाढो. २००१ चं नोबेल या दोघांना, जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह, मिळालं.

आता हे खिडकीला लावून पाहा. तळमजल्याची काच पुसून झाली की गिऱ्हाईक स्वतः निकाल पाहतं. स्वच्छ असेल तर पैसे, रेघा असतील तर पुन्हा पूस. इथे प्रमाणपत्र काहीच नवं सांगत नाही. ब्रिटनमध्ये खिडक्या पुसण्याची सरकारमान्य व्यावसायिक पात्रता उपलब्ध असली, तरी घरोघर जाणाऱ्या माणसाला ती असावीच असा कायदा नाही, आणि नसावा हेच बरं. स्कॉटलंडमध्ये १९८२ च्या कायद्यानुसार खिडक्या पुसणाऱ्याला नगरपरिषदेचा परवाना लागू शकतो, पण परिषद कौशल्य तपासत नाही. माणूस सचोटीचा आहे ना, एवढंच पाहते. शिडी घेऊन लोकांच्या शयनगृहांच्या खिडक्यांशी दिवसभर उभं राहणाऱ्याबद्दल हा प्रश्न तसा रास्तच म्हणायचा.

चूक महिन्यांनी उघडी पडणार असेल, दुसऱ्याच्या मालमत्तेवर पडणार असेल किंवा जिवावर बेतणार असेल, तिथे मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा उपयोग नाही. तिथेच कागदाला मोल येतं.

कागदाची सक्ती उठवली तर काय होतं, याचा एक प्रयोग जर्मनीनं नकळत करून ठेवला आहे. तिथे इमारत-सफाईचा स्वतःचा व्यवसाय काढायला उस्तादाची पदवी सक्तीची होती. २००४ मध्ये ५३ व्यवसायांची ही सक्ती उठवली गेली, त्यात हाही होता. २०२० मध्ये त्यातल्या १२ व्यवसायांना सक्ती पुन्हा लागू झाली. फरशी बसवणारे, ऑर्गन-वाद्य घडवणारे परत आत गेले, सफाईवाले बाहेरच राहिले. म्हणजे आज तिथे कुणीही सफाई कंपनी काढू शकतो. तरीही तीन वर्षांची उमेदवारी बंद पडलेली नाही, आणि माणसांच्या संख्येनं हा जर्मनीतला सगळ्यात मोठा कारागिरी व्यवसाय आहे.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो मजुरीचा तक्ता. या व्यवसायात साऱ्या देशाला बंधनकारक असे दोन किमान दर आहेत. २०२५ मध्ये आतल्या रोजच्या सफाईला तासाला १४.२५ युरो, काच आणि दर्शनी भागाच्या सफाईला १७.६५ युरो. देशाची सर्वसाधारण किमान मजुरी तेव्हा १२.८२ युरो होती. काच पुसणं हे जास्त कसबाचं काम आहे, हे तिथे दरपत्रकातच मान्य केलेलं आहे. नुसत्या प्रमाणपत्रानं पोट भरत नाही. त्यानं मजुरीची पायरी चढायला मिळाली तरच तरुण मुलं त्यासाठी तीन वर्षं देतील. आपल्याकडेही आधी हातानं शिकलेल्या कारागिराची चाचणी घेऊन सरकारी प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. कल्पना उत्तम. पण कंत्राटदार प्रमाणपत्र असलेल्याला आणि नसलेल्याला एकच रोज देत असेल, तर तो कागद भिंतीवर टांगण्यापुरता.

आता दोरीवर चढू. उंच इमारतींच्या काचांसाठी जगभर चालणारं एक प्रमाणपत्र आहे, 'इराटा' नावाच्या संस्थेचं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर दोरीनं लटकून काम करणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती उभी केली. किमान चार दिवसांचं प्रशिक्षण, त्यानंतर बाहेरच्या परीक्षकाकडून चाचणी. पुढच्या पातळीवर जायचं तर किमान एक वर्ष आणि दोरीवरचे १,००० तास, तेही नोंदवहीत लिहिलेले. शिवाय दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा. आपल्या पदव्या एकदा मिळाल्या की आयुष्यभर पुरतात. हिची मुदत संपते.

यातला गाभ्याचा नियम साधा आहे: दोऱ्या दोन, एक कामाची आणि एक राखीव, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या. आणखी एक गोष्ट शिकवतात जी ऐकून मी चक्रावलो. हार्नेसनं वाचवलेला माणूसही हार्नेसमध्येच मरू शकतो. निश्चल लटकत राहिलं की रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. म्हणून पहिल्या पातळीच्या विद्यार्थ्यालाही अडकलेल्या सोबत्याला खाली आणण्याचा सराव करावा लागतो. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ हाताशी नसतो.

न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २००७ मध्ये खिडक्या पुसणाऱ्या दोन भावांचा झुला ४७ मजल्यांवरून खाली आला. छपरावरची दोरखंडांची पकड सुटली होती. एक भाऊ गेला, दुसरा आश्चर्यकारकरीत्या वाचला. झुल्यात उभ्या असलेल्या माणसाचं कसब कितीही असो, छपरावरची पकड कुणी तपासली होती यावर त्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून प्रमाणपत्राचा प्रश्न दोरीवरच्या मुलाला एकट्याला विचारून भागत नाही. तो त्याच्या मुकादमाला विचारायला हवा, कंत्राटदाराला आणि इमारतीच्या मालकालाही.

बीकेसी, लोअर परळ, हिंजवडी इथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आता राहत्या टॉवरांनाही मोठाल्या काचा आहेत. पावसाळा संपला की सोसायटीच्या सभेत बाहेरच्या सफाईची कोटेशनं उघडली जातात. बंगल्याच्या किंवा पहिल्या मजल्याच्या खिडक्यांसाठी कुणाकडेही प्रमाणपत्र मागू नका. काम पाहा आणि पैसे द्या. दोरीवरच्या कामासाठी मात्र सगळ्यात कमी आकड्याखाली रेघ मारण्याआधी विचारा: प्रत्येक माणसाला दोन दोऱ्या आहेत का, छपरावरचे अँकर कुणी आणि कधी तपासले, एखादा मधेच अडकला तर त्याला खाली कोण आणणार, आणि वापरणार असलेलं रसायन आमच्या काचेला नि चौकटीला चालतं का. यांची उत्तरं लेखी मिळत नसतील, तर त्या कोटेशनवर सही करू नका.