मोटारीचा जीर्णोद्धार

चौसाळ्याच्या आमच्या वाड्याच्या मागील अंगास एक गोठा आहे. बैल विकल्याला बरींच वर्षें झालीं. तेव्हांपासून त्यांत सरपण, मोडका नांगर आणि पत्र्याचे जुने डबे यांचीच वस्ती असे. २०१७ च्या कार्तिकांत आमचे ज्येष्ठ बंधु निवर्तले आणि त्यांची मोटार त्या गोठ्यांत जाऊन उभी राहिली. पुढें सात वर्षें ती कोणीं हलविली नाहीं. आमचे धाकटे बंधु म्हणत, "भंगारवाल्यास बोलवावें, गोठा तरी मोकळा होईल." वहिनी यावर कांहींच बोलत नसत, पण भंगारवाला दारांत आला कीं त्या स्वयंपाकघरांतून उठून ओसरीवर येऊन बसत, आणि विषय तेथेंच संपे.

गाडीचें नांव होंडा सिव्हिक हायब्रिड. २००८ च्या जून महिन्यांत ती आपल्या देशांत विक्रीस आली. ती जपानांतून सबंध तयार होऊन येत असे, त्यामुळें तिच्यावर जकात जबर बसे आणि किंमत साडेएकवीस लाखांच्या घरांत जाई. त्या भावास गिऱ्हाईक फार मिळेना, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस किंमत सुमारें आठ लाखांनीं उतरविण्यांत आली. अण्णा पाटबंधारे खात्यांत अभियंते होते. जन्मांत त्यांनीं कधीं चैन केली नव्हती. त्यांनीं ही संधि साधली. "एका म्यानांत दोन तलवारी कशा राहतील?" असें आम्हीं तेव्हां विचारलें. अण्णा म्हणाले, "मास्तर, तलवार एकच आहे. दुसरी ढाल आहे." आम्हांस तें उत्तर पटलें नाहीं, आणि पुढें नऊ वर्षें त्या गाडींत बसण्याचा प्रसंग आला कीं एखादा टोमणा मारल्यावांचून आम्ही राहिलों नाहीं.

अण्णांचें म्हणणें व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर असें. समास पदांचा होतो. पण द्वंद्वांत सर्व पदें प्रधान, तर तत्पुरुषांत एक प्रधान आणि दुसरें त्याच्या सेवेस. ही गाडी तत्पुरुष आहे. १३३९ घनसेंटिमीटरचें पेट्रोलचें इंजिन हें प्रधान. त्याच्या आणि गिअरपेटीच्या मध्यें जाड भाकरीसारखी चपटी अशी विजेची मोटर बसविलेली, १५ किलोवॅटची, म्हणजे सुमारें वीस अश्वशक्तीची. गाडी वेग घेऊं लागली कीं ही मोटर इंजिनास हातभार लावते. ब्रेक दाबला किंवा गाडी उतारास लागली कीं तीच मोटर जनित्र बनते, आणि एरव्हीं उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति विजेच्या रूपानें बॅटरींत सांठविते. चौकांत गाडी थांबली कीं इंजिन आपोआप थांबतें, आणि ब्रेकवरून पाय काढतांच पुन: चालू होतें. टोयोटाची प्रियस १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत निघाली आणि २०१० सालीं आपल्याकडे आली; ती मात्र द्वंद्वाच्या जातीची, तिच्यांत दोन्ही यंत्रें तोलामोलाचीं.

ही कल्पना मूळची जपानची नव्हे. व्हिएन्नाच्या लोहनर या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यांत फर्डिनंड पोर्श या तरुण अभियंत्यानें १९०० सालीं एक गाडी तयार केली. तिच्या चाकांतच विजेच्या मोटरी होत्या, आणि त्यांना वीज पुरविण्यास पेट्रोलचीं दोन लहान इंजिनें होतीं. तिचें नांव लॅटिन भाषेंत 'सेम्पर व्हिव्हस' असें ठेविलें. आपण 'सदाजीवी' म्हणूं. ती मूळ गाडी मात्र जगली नाहीं! पोर्श कंपनीनें जुने आराखडे आणि छायाचित्रें पाहून तिची प्रतिकृति करविली व ती २०११ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत मांडली. आपल्या पुण्यासहि असा एक प्रयत्न झाला. केपीआयटी कंपनीनें भारत फोर्जच्या सहकार्यानें, जुन्या पेट्रोल गाड्यांस मोटर व बॅटरी जोडणारा 'रेव्होलो' नांवाचा संच २०१० सालीं जाहीर केला होता. त्या बातमीचें कात्रण अण्णांच्या कपाटांत आम्हांस मागाहून सांपडलें.

२०२४ च्या दिवाळींत आमच्या धाकट्या बंधूंचा चिरंजीव घरीं आला. त्यानें तंत्रनिकेतनांत विद्युत् शाखेची पदविका घेतली आहे. गोठ्यांत एक चक्कर मारून येऊन तो म्हणाला, "काका, ही गाडी चालू होते का पाहूं?" आम्ही म्हणालों, "आधीं मोठ्या काकूंना विचार." वहिनींनीं ऐकून घेतलें, उठून आंत गेल्या आणि एक लांबट वही आणून आमच्यापुढें ठेविली. "भावजी, थट्टा पुष्कळ झाली. आतां हिशेब तुम्ही ठेवा."

वही अण्णांची होती. पेट्रोल भरल्याची प्रत्येक तारीख, मैलदर्शकाचा आंकडा, लिटर, आणि शेवटीं एका लिटरास पडलेले किलोमीटर, असे रकाने. बहुतेक आंकडे सोळा ते अठराच्या दरम्यान. शेवटची नोंद १५.२, आणि समासांत बारीक अक्षरांत एकच शब्द: 'बॅटरी?' ती वही वाचून त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, इतकेंच येथें लिहितों.

पहिला खर्च केला तो हातमोज्यांचा. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें वाहन असेल त्यांस आमची विनंति आहे कीं हा परिच्छेद दोनदां वाचावा. सामान्य मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. हिच्या मागील आसनाच्या पाठीशीं असलेली मोठी बॅटरी १५८ व्होल्टची, आणि तीहि एकदिश प्रवाहाची. तो माणसाचा जीव घेऊं शकतो. नारिंगी वेष्टनाच्या तारा दिसल्या कीं तेथें हा प्रवाह आहे असें समजावें. बॅटरीचा मुख्य स्विच बंद केल्यावरहि आंतील संधारकांत वीज कांहीं वेळ राहते, म्हणून निदान पांच मिनिटें थांबावें लागतें. आम्ही पंधरा थांबत असूं, आणि त्या अवधींत चहा घेत असूं. हजार व्होल्टपर्यंत टिकणारे रबरी मोजे घालण्यापूर्वीं त्यांत हवा कोंडून छिद्र नाहीं ना हें पाहत असूं. गांवांतला एक कारागीर कौतुकानें मदतीस आला तो ओल्या हातांनींच. त्यास नमस्कार करून परत पाठविलें.

इंजिनाचें काम मानानें सोपें गेलें. टांकींतलें पेट्रोल आंबून त्यास रोगणाचा वास येत होता. तें काढून टांकी धुतली. उंदरांनीं बॅटरीच्या पंख्याच्या वाटेंत घरटें केलें होतें आणि तीन तारा कुरतडल्या होत्या. ब्रेक गंजले होते. इंधनाच्या रबरी नळ्या सर्वच बदलल्या, कारण हल्लीं पेट्रोल पूर्वीचें राहिलें नाहीं: २०२५ सालीं देशांत त्यांतील इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें, आणि जुन्या नळ्यांस तें सोसत नाहीं. हें इथेनॉल बव्हंशीं उसाचें आणि धान्याचें. आमच्या बीड जिल्ह्यांतलीं कुटुंबेंच्या कुटुंबें दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडींत घालून ज्या उसाच्या तोडणीस जातात, तो ऊस असा फिरून आमच्याच गोठ्यांत आला. असो. फाल्गुनांत एका संध्याकाळीं, बारा व्होल्टच्या नव्या बॅटरीवर, इंजिन चालू झालें. या गाडींत अडचणीच्या वेळेसाठीं जुन्या पद्धतीचा एक स्टार्टर ठेविलेला असतो, तो कामास आला. धाकटे बंधु आपण होऊन पाहावयास आले आणि कांहीं न बोलतां परत गेले.

पण खरें दुखणें मोठ्या बॅटरीचें होतें. तिच्यांत निकेल-धातु-हायड्राइडच्या प्रकारचे १३२ घट, बाराबारांचे अकरा गट करून, एकापुढें एक जोडलेले असतात. असे घट नुसते पडून राहिले तरी आपोआप रिकामे होतात, आणि सगळे सारखे होत नाहींत. येथेंच घोटाळा आहे. टँकर आला कीं आमच्या गल्लींत माणसें रांग करून घागरी हातोहात देतात. रांगेंतला एकजण दमला कीं सगळी रांग अडते. बाकीचे दहा कितीहि धट्टेकट्टे असोत. येथें तर त्याहून वाईट होतें. जो घट आधीं रिकामा झाला त्याच्यांतूनहि इतरांचा प्रवाह रेटला जातो आणि त्याची धन-ऋण बाजूच उलटते. गाडींतील संगणक हें ओळखतो व मोटर वापरण्याचेंच नाकारतो. पुष्कळ लोक अशा वेळीं 'गाडी गेली' म्हणून सोडून देतात. वस्तुत: गेलेले असतात एकदोन गट.

पुतण्यानें अकरा गट सुटे करून माजघरांत लांकडी फळीवर मांडले आणि प्रत्येकास क्रमांक दिला. नवेपणीं यांची क्षमता साडेपांच अँपिअर-तास असते. हळूहळू भरावयाचें, मोजून रिकामें करावयाचें, पुन: भरावयाचें, असें प्रत्येकाचें तीनतीनदां केलें. नोंदी आम्ही लिहीत होतों. पहिल्या फेरींत आंकडे इतके दरिद्री आले कीं पुतण्याचें तोंड उतरलें. तिसऱ्या फेरीस नऊ गट चारांच्या वर गेले. दोन मात्र दोनाच्याहि खालींच राहिले.

येथें आमच्या हातून जी चूक झाली ती लपविण्यांत अर्थ नाहीं. सातव्या गटाची शेवटची भरणी चालू असतां रात्रीं वीज गेली. पुतण्या नोकरीच्या गांवीं गेला होता; जातांना त्यानें बजावलें होतें कीं वीज गेली तर बटण बंद करून झोंपा. आम्ही नुसतेच झोंपलों. पहांटे वीज आली, यंत्राचा कालमापक नव्यानें सुरू झाला, आणि भरत आलेला गट तासन् तास भरत राहिला. सकाळीं हात लावला तों चटका बसला. सातवा गट गेला. पस्तीस वर्षें मुलांस 'सूचना नीट वाचा' म्हणून सांगत आलेल्या मनुष्यास ती गोष्ट दूरध्वनीवरून पुतण्यास सांगणें बरेंच जड गेलें. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, तुम्हांला भाजलें नाहीं ना?"

दोनांच्या जागीं तीन गट आणावे लागले. मुंबईस कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत पुतण्यानें दोन खेपा घातल्या. दुसऱ्या खेपेस अपघातांत सांपडलेल्या तशाच एका गाडीची बॅटरी मिळाली, व तिच्यांतले क्षमतेनें जुळणारे तीन गट घेतले. जुळणारे हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता सर्वांत सशक्त गट आणून घातला तर रांगेंतलें वैषम्य वाढतेंच. निकामी झालेले तीन गट २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याच्या स्वाधीन केले. उकिरड्यावर टाकण्याची ही वस्तु नव्हे.

राहिली ती नोंदणी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. हिची २०२३ च्या डिसेंबरांत संपली होती. पुढील पांच वर्षांसाठीं ती वाढवून घ्यावयाची तर तपासणी करवावी लागते. तिचें शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून पांच हजार रुपये झालें आहे, आणि त्यावर विलंबाचा दंड व पर्यावरण कर. २०२५ च्या नोव्हेंबरांत गाडी टेम्पोवर चढवून बीडला नेली. वहिनींनाहि त्याच महिन्यांत निवृत्तिवेतनासाठीं बँकेंत हयातीचा दाखला द्यावयाचा होता, त्या एस. टी. नें आल्या. दोघींचीहि कामें पुढेंमागें उरकलीं. नवी नोंदणी हातीं पडल्यावर गाडी नेण्यास आम्ही पुन: बीडला गेलों, तेव्हां वहिनी आपण होऊन बरोबर निघाल्या.

बीडहून चौसाळ्यास येतांना मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. आमची खरी परीक्षा तेथें होती. गाडी पुतण्या चालवीत होता. आमचे डोळे बॅटरीचा सांठा दाखविणाऱ्या निळ्या पट्ट्यांवर होते. पायथ्याशीं सहा होत्या. पहिल्या वळणावर मोटरनें जोर लावला, पांच झाल्या. उसाच्या एका ट्रॉलीमागें अडकून पुन: वेग घेतांना चार. मग तीन. ज्या दिव्याच्या भयानें आम्ही वर्षभर काम केलें तो आतां लागतो कीं मग लागतो, असें वाटत होतें. पुतण्या बोलत नव्हता. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. तीनवरून पट्टी हलली नाहीं, आणि गाडी घाटमाथ्यावर आली. चौसाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पहिल्याच उतारावर तीनाच्या चार झाल्या. "बाकीचें ती आतां आपलें आपण भरील," असें पुतण्या म्हणाला तेव्हां त्याच्या कपाळावर नोव्हेंबरांतहि घाम होता.

पंधरा दिवसांनीं सर्वजण तुळजापूरला जाऊन आलों. धाकटे बंधु पुढच्या आसनावर बसले होते. परततांना टांकी कांठोकांठ भरली आणि घरीं येऊन वहींत हिशेब मांडला: लिटरास १४.६. १५.२ च्या खालीं आम्हीं तो आंकडा लिहिला आणि वही वहिनींपुढें केली. त्यांनीं चष्मा लावून पाहिलें.

"त्यांच्यापेक्षां कमी पडले," त्या म्हणाल्या. "टायरांत हवा पाहिली होती का, भावजी? ते दर पंधरवड्यास पाहत."

पुतण्या पंप आणावयास उठला.