रस इफ्तारला, साल ईदला

रमजानमध्ये आमच्या घरी रोज सात-आठ लिंबं लागतात. इफ्तारला फळं असोत की भजी, खजुरांच्या शेजारी सरबताचा जग हवाच. पूर्वी रस काढून झाला की सालं थेट कचऱ्यात जायची. चार-दोन अम्मी तांब्याची भांडी घासायला काढून ठेवायच्या, तेवढीच. लिंबाच्या कुकीज घरी करायला लागल्यापासून मात्र आमच्या स्वयंपाकघरात एक नियम झालाय: लिंबू आधी किसणीवर, मग सुरीखाली. पिळून झालेली साल किसायला गेलं तर ती चुरगळते आणि लिंबाबरोबर बोटंही किसली जातात. ते आम्ही करून बसलोय.

आम्ही तिघी जावा. या घरात आलो तेव्हा ईदच्या आधी बेकरीत जायची पद्धत होती. मैदा, पिठीसाखर, तूप घरून न्यायचं, बेकरीवाले पत्र्याचे ट्रे द्यायचे, तिथंच बसून नानखटाई वळायची. भट्टीत आपला नंबर लागेपर्यंत रात्र व्हायची. आजूबाजूच्या चार घरच्या बायका तिथं भेटायच्या, कुणाच्या लग्नाचं कुठं चाललंय ते सगळं तिथंच कळायचं. मग बेकरीवाल्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले आणि भट्टी विझली. आम्ही घरी लहान ओव्हन घेतला. त्यात नानखटाई काही तशी जमेना. कुकीज जमल्या.

लिंबाच्याच का, तर अम्मींमुळे. व्हॅनिलाच्या इसेन्सच्या काही बाटल्यांमध्ये अल्कोहोल असतं, काहींमध्ये नसतं. पदार्थात उडून जाणाऱ्या थेंबभर इसेन्सबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि त्या चर्चेत पडण्याइतकं आमचं ज्ञान नाही. अम्मींचं म्हणणं सोपं होतं: ज्यात शंका नाही असा वास दारात टांगलेल्या लिंबालाही आहे, तो घ्या की. वरून इस्राफ नको हे त्यांचं नेहमीचं पालुपद. सालं फेकता कशाला?

आंबट चव रसात असते, पण लिंबाचा जो वास आपल्याला हवा असतो तो सालीच्या अगदी वरच्या थरातल्या तेलात असतो. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं. परदेशी पुस्तकांतलं ते मोठं, जाड सालीचं पिवळं लिंबू वेगळं. तिथं एक-दोन लिंबांचा किस लिहिलेला असला तर आपल्याकडे पाच-सहा धरा. बारीक किसणीवर हलका हात, एका जागी एकदाच. खालचा पांढरा भाग दिसला की थांबायचं, कारण कडवटपणा तिथं असतो. लिंबं आधी कोमट पाण्यात चोळून धुवा आणि पुसून कोरडी करा.

हा किस पिठीसाखरेत टाकून बोटांनी दोन-तीन मिनिटं चोळायचा. साखर ओलसर होते, फिकट पिवळी दिसते आणि वास खोलीभर पसरतो. आम्ही रमजानच्या पहिल्या रोज्यापासून रोजचा किस साखरेत चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये ठेवतो. एका चमचा किसाला किती साखर ते डब्यावर लिहून ठेवा, नाहीतर पुढे मापात घोळ होतो.

माप लक्षात ठेवायला सोपं आहे: एक वाटा साखर, दोन वाटे बटर, तीन वाटे पीठ, सगळं वजनानं. म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम पीठ. पिठात २७० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम तांदळाची बारीक पिठी घेतली तर कुकी जास्त खुसखुशीत होते. त्यात पाच-सहा लिंबांचा किस आणि एक लहान चमचा रस. याहून जास्त रस घालू नका. पाणी वाढलं की पीठ चिवट होतं. आपल्याकडचं नेहमीचं बटर खारं असतं, म्हणून वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर, सोडा काहीही लागत नाही.

वजनकाट्याचा आग्रह आम्ही एका खास कारणासाठी धरतो. रोजा असताना चव बघता येत नाही. जिभेच्या टोकावर ठेवून थुंकण्याची सवलत गरजेपुरती आहे म्हणतात, पण कुकी ही काही गरज नव्हे. अंदाजानं घातलेलं पीठ इफ्तारनंतरच कळतं, तोवर सगळं भाजून झालेलं असतं. काटा असला की जीभ लागत नाही.

बटर बोट दाबल्यावर खळगा पडेल एवढंच मऊ हवं. साखरेबरोबर फेटून घ्या, मग रस आणि शेवटी पीठ. गोळा जमला की हात थांबवा, पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. दोन इंच जाडीच्या वळकट्या करून बटरपेपरात गुंडाळून निदान तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग पेराच्या निम्म्या जाडीच्या चकत्या कापून आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १६५ अंशांवर १५-१६ मिनिटं. आमचा ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतो, म्हणून आठ मिनिटांनी ट्रे फिरवतो. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की बाहेर. गरम असताना त्या मऊच लागतात; कच्च्या राहिल्या म्हणून परत आत ढकलू नका. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या. एवढ्या पिठात लहान चाळीसेक होतात.

फ्रिजमधला हा तास गाळला तर काय होतं ते आम्हाला २०२४ मध्ये कळलं. त्या वर्षी ईद ११ एप्रिलला होती, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. धाकटीचा नवरा थोडे महिने आधी आखातातून काम संपवून परतला होता, इथं बस्तान बसलं नव्हतं आणि मुलीच्या शाळेची फी पुढ्यात होती. तेवढ्यात ओळखीतल्या एका बाईंनी चार किलो कुकीज मागितल्या, सत्ताविसाव्या रोज्याला द्यायच्या. धाकटीची ती पहिली ऑर्डर. दीड किलो बटर उधारीवर आलं.

तरावीह झाल्यावर आम्ही बसलो. बटर इफ्तारपासून ओट्यावर होतं, त्याचं जवळजवळ तेल झालेलं. रात्र थोडी आणि काम फार, म्हणून वळकट्या न थंडावता चकत्या पाडल्या. पहिला ट्रे बाहेर काढला तर बारा कुकीजची मिळून एक पोळी. आम्हाला वाटलं ओव्हन कमी तापला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. बटर आधीच वितळलेलं असलं की पिठाला आकार धरायला वेळ मिळत नाही, ते पसरतच जातं. एवढी साधी गोष्ट तीन ट्रे वाया गेल्यावर ध्यानात आली.

दमलेल्या धाकटीनं सुचवलं, याचे चौकोन कापून खाली घालू, वर चांगल्या लावू. चव तर तीच आहे. अम्मी तिथं तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी धान्याच्या ढिगाची गोष्ट काढली: प्रेषितांनी (स.) बाजारात ढिगात हात घातला, आतलं धान्य ओलं लागलं. पावसानं भिजलं, असं विकणारा म्हणाला. मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी ती लहानपणापासून ऐकलेली. धाकटी काही बोलली नाही, उठून वळकट्या फ्रिजमध्ये ठेवून आली.

खरा हिशेब आम्ही त्यानंतर केला, जो आधी करायचा होता. चार किलो म्हणजे जवळजवळ तीनशे कुकीज. ट्रेवर बारा. पंचवीस ट्रे, प्रत्येकी १६ मिनिटं, म्हणजे ओव्हनच साडेसहा तासांहून जास्त चालणार. त्यात मध्यरात्री दोन तास वीज गेली. सहरीपर्यंत अडीच किलो झाल्या. सकाळी फोन करून जे झालं ते सांगितलं, उरलेल्या उद्या देतो म्हटलं. त्या बाईंना त्याच दिवशी डबे वाटायचे होते. त्यांनी अडीच किलो घेतल्या, बाकीची ऑर्डर रद्द केली, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. बटर-मैद्याची उधारी फिटून धाकटीच्या हातात एकशे चाळीस रुपये राहिले. त्या फसलेल्या पोळ्यांचा चुरा मुलांनी ईदपर्यंत कस्टर्डवर घालून संपवला.

पुढच्या वर्षी त्या बाईंनी ऑर्डर दिली नाही. त्यांच्या नणंदेनं दिली.

२०२५ ला ईद ३१ मार्चला आली, तेव्हा आम्ही पंधराव्या रोज्यापासूनच वळकट्या करून फ्रीझरमध्ये रचल्या. त्या महिनाभर सहज टिकतात. शेवटच्या चार रात्री फक्त कापायचं आणि भाजायचं, रोज सहा ट्रे, त्याहून जास्त नाही. फ्रीझरमधली वळकटी पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर सुरी लावताच तडकते. ऑर्डर घेताना धाकटी आता चाँदचा भरवसा धरत नाही. अठ्ठाविसाव्या रोज्याला सगळे डबे घराबाहेर. तुम्हालाही विकायच्या असतील तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, घरगुती धंद्यालाही ती लागते आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. किंमत ठरवताना बटर आणि वीज सगळे धरतात. आपले तास धरायला मात्र आम्ही दुसऱ्या वर्षी शिकलो.

लिंबाचा भाव उन्हाळ्यात किती चढतो ते वेगळं सांगायला नको. पण रस कुणीतरी पिणारच असतो, त्यामुळे कुकीजच्या हिशेबात लिंबू आम्ही धरतच नाही. शेजारच्या दोन घरांतूनही आता पिळायच्या आधी किसलेल्या सालीची वाटी येते, बदल्यात ईदला डबा जातो. कुकीज पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरून नरम पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दहा-बारा दिवस चांगल्या राहतात, आणि वास दुसऱ्या दिवशी जास्त खुलतो.

अम्मी ईदच्या सकाळी शीरखुर्म्यानंतर चहात बुडवून दोन खातात. छान झाल्यात म्हणतात, आणि मग विचारतात, नानखटाई कधी करताय?