रोटाव्हेटर शेतात उतरण्याआधी



मे महिना संपत आला की शहापूर-मुरबाडकडच्या बचत गटांच्या बैठकीत एकच चौकशी सुरू होते. यंदा ट्रॅक्टर कुणाचा, तासाला दर काय, आणि आपला नंबर कधी? पूर्वी म्हशाच्या जत्रेत बैलजोडी बघायची आणि उखळणी, चिखलणी घरच्या बैलांवर करायची. आता बऱ्याच गोठ्यांत बैल उरले नाहीत. त्यांच्या जागी ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर आला. कुणी त्याला नुसतं रोटर म्हणतं. भाडं भरायला गटातून कर्ज आपण काढतो, आवणीला वाकतो आपणच, पण यंत्र खाचरात उतरतं तेव्हा आपण चहा ठेवायला घरात असतो. आमचं म्हणणं एवढंच, की त्या वेळी बांधावर या. चालवायला शिकलात तर उत्तमच. पण निदान 'भाऊ, गिअर कमी करा, पत्रा खाली घ्या' असं सांगता आलं पाहिजे. पैसे आपले जातात.

यंत्र समजायला सोपं आहे. एका आडव्या दांड्यावर एल आकाराची वाकडी पाती बोल्टने बसवलेली असतात. पाच फुटी यंत्राला साधारण ३६ पाती असतात, सहा फुटीला ४२. ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा बाहेर आलेला असतो त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनाची ताकद तिथून शाफ्टमधून यंत्राच्या गिअरबॉक्सला जाते आणि पाती फिरतात. नांगर नुसता ओढला जातो, हे यंत्र स्वतः फिरून माती कापतं. त्यामुळे ढेकळं फुटतात, धसकटं मातीत मिसळतात आणि नांगर, मग फळी असे वेगळे फेरे वाचतात. खोली मात्र चार ते सहा इंचच मिळते.

आपल्याकडची खाचरं लहान, एकाखाली एक उतरत गेलेली. पाच फुटी यंत्राला साधारण ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो आणि तो प्रत्येक खाचरात वळत नाही. वीसेक अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरला तीन-साडेतीन फुटी यंत्र बसतं. डोंगरालगतच्या अगदी अरुंद पट्ट्यात तर पॉवर टिलरच बरा. मोठं यंत्र आलं म्हणजे काम मोठं होतं, असं नाही. कोपरे शेवटी आपल्या कुदळीलाच येतात.

आता जोडणीकडे बघा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा हवा. आधी खालचा डावा हात यंत्राला जोडतात, मग उजवा, कारण उजव्या हाताला उंची कमीजास्त करायची मूठ असते. नंतर वरची टॉपलिंक आणि सगळ्यात शेवटी शाफ्ट. प्रत्येक पिनेला तिची क्लिप लागली आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. शाफ्टचे दोन तुकडे एकात एक सरकतात. यंत्र वरखाली करताना ते कुठेही एकमेकांत ठासून बसता कामा नयेत आणि निसटताही कामा नयेत. मग यंत्राच्या मागे थोडं लांब उभं राहून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आहेत ना. एक बाजू खाली असेल तर खाचरात एकीकडे खोल, एकीकडे उथळ होतं. पुढे पाणी एकाच बाजूला तुंबतं आणि अर्धी आवणी बुडते. शाफ्ट फार वाकडा राहिला तर खडखड आवाज येतो. तेव्हा टॉपलिंक फिरवून यंत्र सरळ करायला सांगायचं. पाती ढिली असली किंवा चुकीच्या बाजूला बसवलेली असली तर सगळं यंत्र थरथरतं. तसं दिसलं तर काम थांबवा, भिडेला पडू नका.

खोली बाजूच्या दोन घसरपट्ट्यांवर ठरते. त्यांचे बोल्ट काढून वरच्या किंवा खालच्या भोकात लावले की खोली बदलते. मागचा पत्रा खाली घेतला की माती बारीक होते, वर उचलला की ढेकळं मोठी राहतात. भाजीच्या वाफ्याला बारीक माती हवी. पहिल्या कोरड्या फेऱ्याला मात्र पीठ करू नये. वळवाचा जोराचा पाऊस आला की ती माती वरून घट्ट बसते नाहीतर वाहून जाते.

आता भाड्याचा हिशेब. पाच फूट म्हणजे दीड मीटर. ट्रॅक्टर तासाला दोन किलोमीटर चालला, म्हणजे आपल्या संथ चालीने, तर तासाला तीन हजार चौरस मीटर होतं, म्हणजे साधारण ३० गुंठे. वळणं आणि खाचर बदलणं यात वेळ जातो, म्हणून २० गुंठ्यांच्या आसपास धरा, खाचरं फार लहान असतील तर त्याहून कमी. यापेक्षा फारच कमी झालं तर वेळ कुठे गेला ते विचारा. तासावर भाडं ठरलं तर चालकाला घाई नसते. गुंठ्यावर ठरलं तर तो वरच्या गिअरमध्ये पळवतो आणि मागे ढेकळं सोडतो. आम्ही बहुतेक गटांना तासावर ठरवायला सांगतो आणि सुरू केल्याची, थांबल्याची वेळ वहीत लिहायला सांगतो.

चिखलणीला खाचरात दोन-तीन इंच पाणी पुरे. जास्त असलं तर ढेकळं पाण्याखाली लपतात. हलक्या मुरमाड जमिनीत चिखल लवकर बसतो आणि मग रोप टोचताना बोटं सोलतात. म्हणून आवणीच्या बायका ठरल्याशिवाय अशा खाचरात चिखलणी करून ठेवू नये. भारी जमिनीत मात्र चिखल जरा बसू द्यावा लागतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. पीटीओ साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर एक वीत धरला तरी तो एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळतो. आपली साडी साडेपाच मीटरची. पूर्ण साडी ओढली जायला तीन सेकंदही लागत नाहीत, आणि साडीबरोबर बाई जाते. ओढणी, सुटी वेणी, डोक्याचा टॉवेल, सगळ्यांचं तेच. शाफ्टवर प्लास्टिकचं झाकण नसेल तर तो ट्रॅक्टर खाचरात घेऊ नका, दर कितीही कमी असो. पात्यांत गवत किंवा तार अडकली तर इंजिन बंद करून चावी काढल्याशिवाय हात घालायचा नाही. यंत्र नीट बसावं म्हणून त्यावर दगड ठेवतात, कधी पोरांना उभं करतात. पोराला कधीही उभं करू द्यायचं नाही. मडगार्डवरही कुणी बसायचं नाही. बांध ओलांडताना यंत्र वर उचललेलं आणि पीटीओ बंद हवा. पाती जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घ्यायचा नाही. खाचरातले दगड, मुळं, जुन्या पाइपाचे तुकडे आदल्या दिवशी वेचून ठेवा. दगड पात्याला लागून मागे उडतो, म्हणून मुलं लांब बांधावर.

दर वर्षी, दर पिकाला रोटर फिरवायचाच का, हाही प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियात क्लिफर्ड हॉवर्डने १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले, ते नांगरटीने माती दबते म्हणून. पण त्याच चार-सहा इंचांवर वर्षानुवर्षं पाती फिरली की खालचा थर दगडासारखा होतो. भाताला तो चालतो, पाणी धरून ठेवतो. भातानंतर ओलाव्यावर वाल, हरभरा घ्यायचा तर मुळं तिथेच अडतात. म्हणून भात कापल्यावर एकच हलका फेरा घ्या, किंवा घेऊच नका. आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र बसवलं. त्यात गादीवाफे एकदाच करतात, पुढे चिखलणी नाही आणि आवणीही नाही. ज्यांचं अंगमेहनतीचं माणूस कमी आहे त्यांनी एका खाचरात हे करून बघावं.

आणि गटाने स्वतःचं यंत्र घ्यावं का? कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ठरलेल्या मर्यादेत किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पण महिला शेतकरी म्हणून अर्ज करायचा तर सातबाऱ्यावर बाईचं नाव लागतं, आणि तिथेच आपल्या बहुतेक जणी अडतात. राबते ती, सातबारा सासऱ्याच्या नावावर. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने स्वतःच्या जमिनीसाठी अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असेल तर आधी वारसाची किंवा वाटणीची नोंद करावी लागते. हे काम पावसाळ्यात तलाठ्याकडे घेऊन जा, तेव्हा शेताची गर्दी असते पण कागदाची नसते. ट्रॅक्टरला जोडायच्या अवजारासाठी घरात कुणाच्या तरी नावे ट्रॅक्टर असावा लागतो. तो नसेल तर गटाची किंवा ग्रामसंघाची अवजार बँक काढता येईल का, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि दुकानदार कितीही घाई करो, पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधी यंत्राचे पैसे भरू नका. आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.