मेगावॉट वाढले, युनिट किती वाढले?

देशात सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढल्याच्या बातम्या आपण ऐकतो. त्यात शब्द असतो मेगावॉट. घरी बिल येतं ते मात्र युनिटचं. या दोहोंतला फरक कळला, की बातमीही कळते आणि छतावर पॅनल बसवायला आलेल्या माणसाला काय विचारायचं तेही कळतं.

बचत गटाची पिठाची गिरणी घ्या. ती तासाला २० किलो दळते, ही तिची क्षमता. दिवसभरात पीठ किती निघालं, हे मात्र ती किती तास चालली यावर ठरतं. किलोवॉट ही क्षमता आणि युनिट म्हणजे निघालेलं पीठ. एक किलोवॉटचं यंत्र पूर्ण जोरात तासभर चाललं, की एक युनिट वीज तयार होते. एक हजार किलोवॉटचा एक मेगावॉट.

आता देशाचं बघू. २०१४ साली भारताची सौर क्षमता ३ हजार मेगावॉटपेक्षाही कमी होती. जानेवारी २०२५ मध्ये तिने १ लाखाचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी पवनचक्क्यांची क्षमता ५० हजार मेगावॉटवर गेली. जून २०२५ मध्ये तर कोळसा, गॅस, डिझेल न जाळणाऱ्या केंद्रांची क्षमता देशाच्या एकूण क्षमतेच्या निम्मी झाली. यात धरणांवरची वीज आणि अणुवीजही आली. हे २०३० पर्यंत गाठायचं होतं, ते ५ वर्षं आधीच गाठलं.

मग निम्मी वीज तिथून येते का? नाही. २०२४-२५ मध्ये देशात तयार झालेल्या दर चार युनिटांपैकी जवळपास तीन कोळशाचेच होते. क्षमतेत सूर्याचा वाटा शंभरात बावीसच्या आसपास, पण युनिटांत शंभरात आठच.

कारण साधं आहे. सूर्याची गिरणी उन्हातच चालते. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, पावसाळ्यात त्याहून कमी. कोळशाचं केंद्र रात्रीही चालतं, म्हणून तेवढ्याच क्षमतेत सोळाच्या आसपास युनिट देतं. आणि घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे एकदम लागतात ते संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर.

म्हणून आता वीज साठवण्यावर भर आहे. बॅटऱ्या आहेतच, पण पाण्यातही वीज साठवता येते. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वीज शिल्लक असताना खालच्या तळ्यातलं पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज करतात.

शेतीचं मात्र सूर्याशी चांगलं जमतं. पिकाला पाणी दिवसाही देता येतं. रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला जायचं म्हणजे साप, विंचू, बिबट्याची भीती आणि घरी बाईच्या डोळ्याला डोळा नाही. आपल्या राज्यातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच साठी आहे. उपकेंद्राच्या जवळपास सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. आपला फिडर त्यात आला का आणि कधी येणार, हे ग्रामसभेत विचारायला हवं.

छताचंही तसंच. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत केंद्राचं अनुदान १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये आहे. पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. महिन्याला युनिट किती मिळतील? एका किलोवॉटला १२० च्या आसपास मिळावेत. छतावर झाडाची किंवा शेजारच्या भिंतीची सावली पडते का? आणि लाइट गेल्यावर घरात दिवा लागेल का? बॅटरी नसलेली साधी सौर यंत्रणा गावची लाइट गेली की आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. हे आधी माहीत असलं, तर नंतर फसल्यासारखं वाटत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं वीजबिल आणा. महिन्याचे युनिट मोजा, मग किलोवॉट ठरवा. आधी दळण किती ते बघायचं, गिरणी नंतर घ्यायची.