गच्चीवरील बागेचे भौतिकशास्त्र

मुठेच्या उजव्या तीरावरील नारायण पेठेत वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा परसातला आड, मोरीच्या पाण्यावर वाढणारे अळू आणि पारिजातक यांच्याबरोबर बागकामाची एक मूलभूत सोयही नाहीशी झाली, ती म्हणजे तळ नसलेली जमीन. गच्चीवर बाग फुलवण्याचा छंद जोपासणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या एकाच उणिवेतून उद्भवतात.

पहिली अडचण वजनाची. ओली माती दर घनमीटरला १७०० ते २००० किलो भरते, म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला ५०० किलोंहून अधिक भार टाकतो; उलट वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये धरलेला वापराचा भार अवघा १५० किलोंच्या आसपास आहे. त्यामुळे मातीऐवजी पालापाचोळ्याचे खत वापरणे ही निव्वळ सेंद्रिय हौस नसून इमारतीची गरज ठरते, आणि तरीही वाफे स्लॅबच्या मध्यावर न रचता बीमच्या रेषेवर मांडणेच शहाणपणाचे असते. पालापाचोळ्यातून सकस माती घरीच घडवता येते, हा विचार महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर आणि त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ला जाते. मात्र कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब व नत्र साधारण ३०:१ या प्रमाणात लागते. सुक्या पानांत कर्ब फार आणि नत्र थोडे असल्याने नुसता पाचोळा भरला, तर जिवाणू उपलब्ध नत्र स्वतःच वापरतात व रोपे पिवळी पडतात. स्वयंपाकघरातील ओला कचरा ही तूट भरून काढतो.

दुसरी अडचण पाण्याची, आणि इथे एक जुना समज आड येतो. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो असे सर्रास सांगितले जाते. परंतु बारीक कणांमधील सूक्ष्म पोकळ्या केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद जागेत पाणी धरून ठेवणाऱ्या ओढीने, ते अडवतात आणि खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी सोडत नाहीत. परिणामी चिंब थर खापऱ्यांच्या वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. खरा उपाय म्हणजे कुंडी खोल घेणे.

ज्यांना सुतारकामाचीही आवड आहे, त्यांनी जुन्या वाड्याचे सागवान मिळाल्यास त्याची खोकी करावीत, कारण सागातील टेक्टोक्विनोन हे रसायन वाळवीला दूर ठेवते. मात्र लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ फुगत नसले तरी आडवे फुगते, म्हणून फळ्यांमध्ये बारीक फट राखावी. कुजताना पाचोळा खचत जातो आणि वाफा दरवर्षी भरावा लागतो, तेव्हा पानगळीच्या दिवसांत रस्त्याकडेला साठणारी पाने जाळू न देता पोत्यांत भरून ठेवावीत.